मुरमाच्या ढिगातलं खोकड

भीमातात्यांचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. गजर नव्हता. कोंबडा त्यांच्यानंतर आरवायचा. तांब्याभर पाणी तोंडावर मारायचं, बायकोनं, दगडाबाईनं, फडक्यात बांधून ठेवलेल्या भाकरी खांद्याला अडकवायच्या, फावडं उचलायचं, आणि रस्त्याला लागायचं.

तात्या मैलकुली होते. हा शब्द आता फार जणांना कळत नाही. पूर्वी सरकारी रस्त्याचे तुकडे पाडून एकेक तुकडा एकेका माणसाच्या अंगावर टाकलेला असे. त्या तुकड्यातला खड्डा त्याचा, रस्त्याखालची तुंबलेली मोरी त्याची, वाकलेला मैलाचा दगडही त्याचा. तात्यांचा तुकडा बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पिंपळी मागं पडल्यावर भवानीनगरच्या अलीकडं होता. हजेरी सकाळी आठला लागे. तात्या त्याआधीच दोन खड्डे बुजवून मोकळे झालेले असत. कारण मुरूम दवात बसतो. उन्हात ठोकलेला मुरूम दुसऱ्या दिवशी चाकाबरोबर उठून जातो.

हे त्यांना बिरू मुकादमानं शिकवलं होतं. "काम दोनदा करायची हौस असंल तर उन्हात कर," तो म्हणाला होता. तात्यांना ती हौस नव्हती.

खोकडंही बिरूनंच दाखवली. तेव्हा कारखाना सुरू झाला की रात्रभर उसाच्या बैलगाड्या चालत. पहाटे शेवटची गाडी घुंगरं वाजवत पुढं गेली की रस्त्यावर वाफाळतं शेण पडलेलं असे. शेणाला किडे येत आणि किड्यांना खोकडं येत. तात्यांना पहिल्यांदा ते कोल्ह्याचं पिल्लू वाटलं. त्यांनी दगड उचलला.

"टाक खाली," बिरू म्हणाला. तो धनगराच्या घरातला, मेंढरांमागं वाढलेला. "कोल्हा न्हाय त्यो, खोकड हाय. शेपटाचं टोक बघ. काळं हाय का न्हाय?"

"हाय."

"मग झालं तर. मांजरापरीस थोरलं, कुत्र्यापरीस बारकं. कुणाच्या अध्यात न्हाय, मध्यात न्हाय. उंदीर खाईल, किडं खाईल, बोरं खाईल आन् दिवस उगवायच्या आत आपल्या बिळात जाईल. आपल्यावानीच मैलकुली हाय ते. फकस्त त्याची हजेरी कुणी घेत न्हाय."

तात्या फावड्यावर हात ठेवून बघत राहिले. खोकड मान तिरकी करून कान लावायचं. मग एक उडी. नाक शेणात, आणि किडा तोंडात. उगाच उकरणं नाही, इकडंतिकडं पळणं नाही. जिथं किडा आहे तिथंच उडी. तात्यांनी रस्त्याच्या गँगमध्ये नाना तऱ्हेची माणसं पाहिली होती. एक घमेलं उचलायला तीनदा वाकणारे, टिकाव मारण्याआधी चारदा थुंकणारे. असं नेमकं काम करणारं कुणी त्यांनी तोवर पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून पहाटे खोकड दिसलं की त्यांना बरं वाटे. लांब अंधारात आणखी कुणीतरी कामावर आलं आहे, असं वाटे.

नोकरी संपता संपता रस्ता रुंद झाला. तात्यांनी दरसाल चुन्या-गेरूचे पट्टे ओढलेले कडेचे कडुलिंब आणि चिंचा गेल्या. मैलाचे दगड गेले. बैलगाड्या कमी झाल्या, ट्रॅक्टर आले, आणि ट्रॅक्टर मागं शेण टाकत नाही. पाटाचं पाणी पोहोचलं तसतसा माळ उसाखाली गेला. रस्त्याच्या पलीकडं गायरानाचा एक तुकडा उरला, तेवढाच. बिरू वारला. तात्यांना निरोपाचा नारळ आणि शाल मिळाली. पण डोळा साडेतीनलाच उघडायचा. चहा करून घ्यायचा आणि परसदारच्या पायरीवर बसून उजाडायची वाट बघायची. दुसरं काम नव्हतं.

परस म्हणजे भांडी घासायची फरशी, कोंबड्यांचं खुराडं आणि एक बोर. पुढं बांध. बांधापलीकडं शेजारच्या दादासोंचा ऊस. दादासोंनी काही वर्षांपूर्वी शेततळं खोदलं, तेव्हा निघालेला मुरूम त्यांनी आपल्या हद्दीत, बांधाला लागूनच ढीग करून टाकला होता. त्यावर गवत वाढलं, तरवडाची झुडपं वाढली, आणि ढीग आहे हेही लोक विसरले.

गेल्या वर्षी संक्रांतीच्या सुमाराला, दिवस बुडताना, दगडाबाई फरशीवर तवा घासत होती. ती हलक्या आवाजात म्हणाली, "अवं, हिकडं या. बोरीखाली कुत्र्याचं पिल्लू हाय, पन त्याची बसायची तऱ्हा कुत्र्याची न्हाय."

तात्या आले आणि उभेच राहिले.

बोरीखाली बसून ते पडलेली बोरं खात होतं. एकेक बोर निवडून, चावून, बी तिथंच टाकून. अंग भुरकट, कान मोठाले. ते वळलं तेव्हा शेपटाचं काळं टोक दिसलं.

"खोकड हाय," तात्या म्हणाले.

"कोंबड्या खाईल का?"

"न्हाय खायचं."

"तुमी काय त्याला इचारून आला का? एक जरी कोंबडी गेली ना, तर तिच्या जागी खुराड्यात तुमाला कोंडीन."

कोंबडी गेली नाही. तात्यांनी त्याच संध्याकाळी खुराड्याच्या दाराला दुसरी कडी लावली होती, हे खरं. पण खोकड खुराड्याकडं फिरकलंही नाही. आठवड्यानं त्याच्याबरोबर दुसरं आलं. नर आणि मादी. आणि मग मुरमाच्या ढिगात बीळ दिसलं.

तात्या दुपारी, ऊन तापलं असताना, लांबून ते काम बघून आले. बिळाचं तोंड वाऱ्याला पाठ करून होतं. चढावर खोदलेलं, म्हणजे पाणी आत शिरणार नाही. उकरलेला मुरूम एका बाजूला, सारखा पसरलेला. वर तरवडाची मुळं, म्हणजे छत धसणार नाही. "मोरी बांधावी तर अशी," ते घरी येऊन म्हणाले. "आमच्या गँगमधल्या निम्म्या लोकांना हे जमलं नसतं."

"मग त्यास्नी पेन्शन लावून द्या," दगडाबाई म्हणाली.

रोज दिवस बुडताना दोघं पायरीवर बसू लागली. बोलायचं नाही, हलायचं नाही. दगडाबाईच्या हातात निवडायला काहीतरी असे आणि ती ते न निवडताच बसे. लग्न होऊन आली तेव्हापासून ही दोघं कधी अशी शेजारी बसली नव्हती. तात्या पहाटे जायचे, ती दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपायला असायची, संध्याकाळी दोघंही जेवून आडवी. एकदा ती म्हणाली, "तुमी रस्त्यावर हेच बघत हुता व्हय, एवढी वर्सं?" तात्यांनी मान हलवली. "मला कवा सांगितलं न्हाय." सांगण्यासारखी गोष्ट आहे, असं त्यांना तेव्हा वाटलं नव्हतं.

होळीनंतर पिल्लं बाहेर दिसू लागली. चार. आणि त्याच आठवड्यात तात्या पहाटे पाय मोकळे करायला रस्त्यापर्यंत गेले, तर नर दुभाजकाजवळ पडलेला होता. गायरानाकडून येताना चाकाखाली आला होता. तात्या घरी परत आले, फावडं घेऊन गेले. नोकरीत असताना अशी किती जनावरं त्यांनी कडेला घेतली होती. ह्या एकाला त्यांनी साइडपट्टीच्या पलीकडं खड्डा खणला, आणि तो नीट ठोकून घेतला.

मादी एकटी पडली. ती दिवसाही बाहेर दिसू लागली. बरगड्या मोजता येतील इतकी वाळली.

"तिला काहीतरी घालू या," दगडाबाई म्हणाली.

"न्हाय. कामाच्या जनावराला फुकटचं घातलं की ते बिघडतं."

"चार लेकरं घेऊन एकटी बाई राबतीया, आन् तुमी हिशेब सांगता व्हय? तुमी आठ-आठ दिस गँगसंगं तंबूत ऱ्हायचा, तवा ह्या वस्तीनं मला पीठ दिलंय. मी बिघडले का?"

मग तात्यांनी अटी घातल्या. रोज थोडंच. मीठ-तिखट नाही. आणि घराजवळ नाही. माणसाच्या दाराची सवय लागली तर उद्या ती कुणाच्याही दारात जाईल आणि काठी खाईल. ठेवायचं ते बांधावर, ढिगाच्या अंगाला.

तसं ठरलं. दगडाबाई मूठभर मोकळा भात पत्रावळीवर घाली. पिल्लांच्या पोटाला बरी म्हणून वर चिमूटभर हळद. खुराड्यात एखादं अंडं तडकलेलं निघालं तर ते उकडून. तात्या दिवस बुडताना पत्रावळ घेऊन जात. मादी बुजू नये म्हणून तोंडातून शब्द काढत नसत. पत्रावळ बांधावर ठेवायची, तसंच वळायचं आणि मागं न बघता यायचं, कारण डोळ्याला डोळा भिडला की ती बाहेर येत नसे. घरी आल्यावर, नोकरीतली सवय म्हणून, पाय धुऊनच पायरीवर बसायचं.

गावाकडच्या कुठल्याही माणसाला हे लांबून दाखवा आणि विचारा, हा म्हातारा काय करतोय? तो सांगेल, उतारा टाकतोय. भात, हळद, अंडं, दुसऱ्याचा बांध, तिन्हीसांजा, मुक्यानं जाणं, मागं न बघणं, पाय धुणं. उताऱ्याला आणखी काय लागतं? आपल्या घरची पीडा उतरवून शेजाऱ्याच्या हद्दीत नेऊन ठेवायची, ही जुनी रीत आहे. तात्यांच्या हे ध्यानातच आलं नाही. त्यांचं सगळं लक्ष मादीकडं होतं.

दादासोंनी ते पाहिलं ते नेमकं अमावस्येला.

त्यानंतर वस्तीवर काहीतरी बदललं. अंडी न्यायला येणारी पोर येईना. दादासोंची सून रेश्मा, जी एरवी बांधावरून "मावशी, काय केलंय आज कालवण?" असं ओरडल्याशिवाय पुढं जात नसे, ती पदर ओढून वाट बदलून जाऊ लागली. तिला सातवा महिना होता. तिच्या डोहाळजेवणासाठी दगडाबाईनं हिरवं खणाचं कापड आणून ठेवलं होतं. डोहाळजेवण झालं. सगळी वस्ती जेवून आली. दगडाबाईला बोलावणं आलं नाही.

तिनं खण पत्र्याच्या पेटीत परत ठेवला आणि आधीच घासलेली भांडी पुन्हा घासायला बसली. ते बघून तात्यांनी पायताण घातलं.

दादासो गोठ्यात होते. त्यांनी वर बघितलं नाही.

"दादासो, आमचं काय चुकलं?"

"तुमचं तुमाला ठावं."

"ठावं असतं तर इचारायला आलो असतो व्हय?"

दादासो ताठ झाले. "बांधावर अंडं-भात कोन ठिवतंय, तात्या? हळद टाकून? आवसंला? मी सोता बघितलंय. गेला, ठिवला, आन् मागं वळून बघितलं न्हाय. तवापास्नं म्हस आटली. पान्याची मोटार जळली. घरात पोर दोन जिवाची हाय. तुमी असं कराल असं वाटलं नव्हतं. एवढी वर्सं शेजार केला."

तात्यांना आधी काही कळलं नाही. मग कळलं, आणि ते हसले. ते चुकलंच.

"हसताय व्हय? हसा. देवऋषी म्हनला, ढीग उपटून टाका, सगळं तितंच पुरलंय. आमच्या दिग्विजयनं जेसीबी सांगितलाय. सोमवारी ढीग साफ. न्हायतरी त्याला कोंबड्यांच्या शेडच्या रस्त्याला मुरूम पायजेच हाय."

तात्यांचं हसू मावळलं. "अवं, म्हस गाभण हाय म्हनून आटली. मोटार तुमच्या दिग्विजयनं कोरडी चालवली. आन् त्या ढिगात खोकडीची पिल्लं हाईत. तिला घालतोय मी भात."

"खोकड?" दादासो म्हणाले. "काय तर सांगा तात्या, पन पटंल असं सांगा. हितं खोकड हाय कुठं? मी बारका हुतो तवा हुती. चाळीस वर्सांत कुणी बघितलं न्हाय."

"मग उद्या या बघायला."

"दिवस बुडताना? तुमच्या परसात? मला काय याड लागलंय?"

तात्या परत आले. त्या रात्री ते जेवले नाहीत. ढीग गेला तर मादी पिल्लं घेऊन गायरानाकडं निघणार, हे त्यांना दिसत होतं. दुसरी जागाच नव्हती. आणि मधे रस्ता. चौपदरी, गुळगुळीत, खड्डा नसलेला. खड्डे होते तेव्हा गाड्या सावकाश जायच्या. आयुष्यभर त्यांनी तेच खड्डे बुजवले होते.

दुसऱ्या दिवशी दादासो आले. उन्हं कलल्यावर, बांधाकडून न येता रस्त्याकडून, पुढच्या दारानं आले. एक हात खिशात होता. दगडाबाईनं पाट दिला तो त्यांनी घेतला नाही. पालथं घमेलं बघून त्यावर बसले.

"माझ्यासाठनं आलोय असं समजू नगा," ते म्हणाले. "रेश्मानं धाडलंय. म्हनती, मामा, एकदा डोळ्यानं बघा आन् मग काय ते म्हना."

"बोलू नगा आता," तात्या म्हणाले, आणि पत्रावळ घेऊन गेले. ठेवली, वळले, मागं न बघता आले. दादासोंचा खिशातला हात घट्ट झाला. तात्यांनी पाय धुतले तेव्हा दादासोंनी दगडाबाईकडं असं बघितलं, की आता हिनं काही मंत्र म्हणू नये म्हणजे झालं.

उसावरून बगळे गेले. पाटाच्या बाजूला कुणाचं तरी इंजिन थांबलं. काही झालं नाही. बराच वेळ काही झालं नाही.

मग तरवड हलला. दोन कान आले, त्यांच्यामागून मादी आली. तिनं पायरीकडं बघितलं. तीन माणसं आज, दोन नाहीत. ती एक पाय उचलून थांबली. दादासोंनी श्वास धरला होता. मादीनं अंडं उचललं, बिळाच्या तोंडाशी नेऊन ठेवलं आणि बारीक आवाज केला. चार पिल्लं एकावर एक पडत बाहेर आली. एकानं अंडं पकडलं आणि ते घरंगळलं, दुसरं त्याच्यामागं धावलं, तिसरं नुसतंच गोल फिरून आपलं शेपूट चावू लागलं. मादीनं स्वतः भाताची दोन-चार शितं खाल्ली, आणि मग गवतात मान तिरकी केली. कान लावला. उडी. नाकतोडा.

"नाकतोडं," दादासो पुटपुटले.



"आमी नाकतोडं धरून बाभळीच्या काट्याला टोचून ठिवायचो," दादासो हळूच सांगू लागले. त्यांची नजर ढिगावरच होती. "मी आन् माझी थोरली बहीन. आमची शेरडं असायची ह्याच माळावर. आता ऊस हाय तिथंच. सांजच्याला ठिवायचो आन् सकाळी बघायला पळायचो, किती गेलं. ती म्हनायची, खोकडाच्या घरी आज पाव्हनं आलं हुतं, म्हनून जास्त गेलं." ते थांबले. "मग पाट आला. मग ऊस. मी इसरूनच गेलो हुतो. माळ हुता हेबी इसरलो."

तात्यांनी विचारलं, "बहीन कुठं असती?"

"नरसिंहपूरला दिली हाय. गुडघं गेल्यात तिचं. फोन करतो आता घरी जाऊन. बिळासकट सांगतो."

पिल्लं आत गेली. दादासो उठले. खिशातला हात बाहेर काढला, तर मुठीत लिंबू. ते तसंच त्यांनी दगडाबाईच्या हातावर ठेवलं.

"सरबत करा," ते म्हणाले.

"तिघांचं करू का एकट्या देवऋषाचं?" दगडाबाईनं विचारलं. दादासो इतके हसले की ढिगावर पुन्हा काहीतरी सळसळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच रेश्मा आली. हातात डोहाळजेवणातल्या पुरणपोळ्या, फडक्यात. "मावशी, मामांचं ऐकू नगा, त्यास्नी सावलीचंबी भ्या वाटतंय," असं म्हणून ती पायरीवरच बसली. दगडाबाईनं पेटी उघडली, तिथंच तिची ओटी भरली. दोघी जरा रडल्या. तात्या उगाच खुराड्याची कडी तपासायला गेले.

पण सोमवार होताच. भुताचं भय गेलं म्हणून मुरमाची गरज जात नाही.

संध्याकाळी बांधावर दादासोंचा मुलगा दिग्विजय भेटला, बरोबर दादासोही होते. तरणा, कामसू पोरगा. कोंबड्यांची शेड घातली होती, कर्ज उचललं होतं. तो आडपडदा न ठेवता बोलला.

"तात्या, तुमची खोकडं खरी. मी बघितली कालच, मोबाईलमधी फोटोबी काढला. पन माझा रस्ताबी खरा हाय. पाऊस पडायच्या आत खाद्याचा ट्रक शेडपर्यंत गेला पायजे. न्हायतर तितं चिखुल हुतोय, माहीताय ना तुमाला?"

तात्यांना माहीत होतं. ती माती काळी होती. त्यावर पाऊस पडला तर बैलही रुतेल.

"जरा थांब की. पिल्लं हिंडती हुईपर्यंत."

"पाऊस थांबंल का?"

दादासो मधे पडले. "आरं, तात्यांचा एवढा शब्द..."

"आबा, तुमी थांबा. मुरूम इकत घ्यायला माझ्याकडं पैसं असतं तर मी ढिगाला हात लावलाच नसता. तुमाला ठावं हाय."

ते खरं होतं. पोरगा वाईट नव्हता. त्याचं काम अडलं होतं, आणि काम अडलेल्या माणसावर रागवायची तात्यांना सवय नव्हती.

ते घरी आले. दगडाबाई चुलीपुढं होती. घर पत्र्याचं होतं. लग्नानंतर बांधलं तेव्हा वरच्या स्लॅबचं नंतर बघू म्हणाले होते, आणि ते नंतर अजून आलं नव्हतं. मधे लेकींची लग्नं झाली, आजारपणं झाली. पेन्शन लागल्यापासून तात्या दर महिन्याला थोडं बाजूला टाकत होते. गवंडी माप घेऊन गेला होता. दिवाळीनंतर काम धरायचं ठरलं होतं. दगडाबाईला पत्र्यावरचा पाऊस आवडत नसे. तिला त्यात कुणाची हाक ऐकू येत नसे. नवरा पावसात रस्त्यावरून आला आणि दार वाजवत उभा राहिला तरी तिला कळत नसे, असं दोन-तीनदा झालं होतं.

तात्या चुलीशी येऊन बसले. तिनंच विचारलं.

"पोरगं काय म्हनतंय?"

"त्याला मुरूम पायजे."

"मुरूम काय त्या ढिगातच मिळतोय व्हय? खान हाय की तिकडं."

"खानीतला इकत घ्यावा लागतोय."

दगडाबाईनं भाकरी उलटली. ती पुरती फुगू दिली. मग म्हणाली, "आता तुमी रातीचं कुठं जाता दार वाजवायला? घरातच असता की. पडू दे पाऊस पत्र्यावर. आनिक थोडं दिस."

तात्या तिच्याकडं बघत राहिले.

"बघताय काय? जेवा. दोन दिस धड जेवला न्हाय."

सोमवारी जेसीबी आला नाही. त्याऐवजी खाणीवरून मुरमाचे ट्रक आले आणि दादासोंच्या उसाच्या कडेनं शेडपर्यंत एकामागून एक रिकामे झाले. दिग्विजय फावडं घेऊन पसरू लागला. भर दुपार होती. तात्या थोडा वेळ बांधावर उभे राहून बघत होते, मग त्यांना राहवलं नाही.

"आरं ए, ठेव ते खाली," ते म्हणाले. "उन्हात मुरूम बसत न्हाय. सांजच्याला पानी मार, आन् उद्या पहाटं ये. मी हायेच."

"पहाटं म्हंजे किती वाजता, तात्या?"

"ते मी उठवीन तुला."

दुसऱ्या दिवशी अंधारातच दोघांचं काम सुरू झालं. तात्या मधे उंच, कडेला उतार असा रस्ता धरत गेले, दिग्विजय मागून ठोकत गेला. उजाडता उजाडता रस्ता शेडच्या दाराशी पोहोचला. पलीकडं तरवडाला फुलं होती आणि एक पिल्लू बिळाच्या तोंडाशी बसून ठोकण्याचा आवाज ऐकत होतं, कान उभे करून.

तात्यांच्या कष्टाच्या पैशातून लेकींची लग्नं झाली होती, दवाखाने झाले होते, भिंती उभ्या राहिल्या होत्या. ते सगळं गरजेचं होतं, आणि गरजेनं आलं तसं निघून गेलं. मनाला वाटलं म्हणून त्यांनी आयुष्यात एकच गोष्ट विकत घेतली. दुसऱ्याच्या शेतासाठी चार ट्रक मुरूम.